पातळ हवेतील श्वास

ऑक्टोबर १९६८ मध्ये मेक्सिको सिटीतील ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावण्याची शर्यत झाली. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा त्या अंतराचा विश्वविक्रमवीर. २७ मिनिटे ३९.४ सेकंद ही त्याची विक्रमी वेळ. त्या दिवशी मात्र तो सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. केनियाच्या उंच प्रदेशात वाढलेल्या नफ्ताली टेमूने सुवर्णपदक जिंकले, पण त्यालाही २९ मिनिटे २७.४ सेकंद लागले.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे. तेथील हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. परंतु हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या सुमारे तीन-चतुर्थांशच मिळतो. शरीर त्यावर उपाय योजते. श्वास आणि नाडी लगेच जलद होतात. मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवू लागते. पण या कामाला काही आठवडे लागतात. म्हणूनच जाणते खेळाडू उंचीवर गेल्यावर आरंभी सरावाचा भार कमी करतात. कित्येक जण मुक्काम उंचीवर ठेवतात आणि वेगाचा सराव खाली येऊन करतात.

सत्तरी ओलांडलेल्या मला या साऱ्याचे अगत्य वाटते, कारण पुढील उन्हाळ्यात आम्हा उभयतांचा केदारनाथला जाण्याचा मानस आहे. गौरीकुंड सुमारे २,००० मीटरवर, तर केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर. रोज पाच किलोमीटर चालल्याने पायांना बळ येते, हृदयही सशक्त राहते. पण पातळ हवेची सवय त्यातून होत नाही. ती सवय केवळ सावकाश चढण्याने आणि थांबण्याने होते.

म्हणून डॉक्टरांकडून हृदय, फुप्फुसे, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घेण्याचे आम्ही ठरवले आहे. गौरीकुंडच्या परिसरात दोन रात्री मुक्काम करू. मुलीलाही सांगून ठेवले आहे, की ‘‘चालवेल ना?’’ एवढेच विचारू नकोस. वडीलधारी माणसे भिडेपोटी ‘हो’ म्हणतात. डोके दुखते का, मळमळते का, रात्री झोप लागली का, हे विचार. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरवायचे आणि वैद्यकीय मदत घ्यायची.

दर्शन दोन दिवस उशिरा घडले तरी चालेल. ते दोघांनाही घडावे, एवढीच इच्छा आहे.