निपाणीचा नांगर, देवगडचा नांगर

निपाणीहून निघालेला रस्ता राधानगरी आणि फोंडा घाट ओलांडून देवगडला समुद्राशी थांबतो. त्याच्या वरच्या टोकाला, तंबाखूच्या काळ्या रानात, नांगर म्हणजे फाळ, रुमणं आणि बैल. खालच्या टोकाला नांगर म्हणजे बोटीला जागेवर धरणारं लोखंड. मी वरच्या टोकाचा. दोन्हीकडे शब्द एक आहे हे ठाऊक होतं. कामही एकच आहे, हे देवगडच्या खाडीत कळलं.

मित्राची शिडाची लहान बोट. संध्याकाळ, किनारा हाकेच्या अंतरावर. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवून शीड उतरवलं, बोट थांबल्यावर नांगर सोडला, १५ मीटर दोरी दिली आणि बांधून टाकली. पाणी ३ मीटर, दोरी त्याच्या पाचपट. पुरेशी वाटली.

बोट मागे सरकू लागली. दोरीवर हात ठेवला तर ती तळव्याखाली थरथरत होती. नांगर रुतला नव्हता, तळावरून फरफटत होता, आणि मागे खडक होते. शेजारच्या होडीतून तांडेल ओरडला, "अजून सोडा! भरती येतली!"

हिशेब चुकला होता तो इथे. खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे, दोरी बांधतात त्या नाळेपासून मोजायची. म्हणजे आणखी १ मीटर. भरतीचे साधारण २ मीटर वेगळे. एकूण ६. त्याच्या निदान पाचपट दोरी, म्हणजे ३० मीटर. वारा वाढला तर सातपट. आखूड दोरी नांगराचा दांडा वर उचलते आणि टोक सुटतं. लांब दोरीची ओढ जवळजवळ आडवी होते आणि टोक आत शिरत जातं. नांगराला जोडलेली साखळीही त्यासाठीच असते: तिच्या वजनाने ओढ तळालगत राहते.

वडिलांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "जू पुढं सारलं की फाळ खोल जातोय, मागं घेतलं की वर येतोय. तसंच की!"

तसंच आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्राम टेलर यांनी १९३३ साली पेटंट घेतलेला, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी बनवलेला हलका नांगर तर सरळ शेतातल्या फाळाच्या आकाराचा आहे. वजनापेक्षा रुतण्यावर भिस्त ठेवणारा. आमच्या बोटीवर त्याच जातीचा होता.

किनाऱ्याजवळ मात्र एक पेच असतो. वारा फिरला की बोट नांगराभोवती गोल फिरते. दोरी जितकी लांब, तितकी मोकळी जागा हवी. आम्ही खडकांपासून दूर गेलो, वाळूमिश्रित चिखलावर पुन्हा नांगर टाकला, दोरी हळूहळू ३० मीटर सोडली आणि इंजिन उलटं चालवून ताण दिला. दोरी ताठ झाली. थरथर नाही. मग किनाऱ्यावरचा दिवा आणि त्यामागचा माड एका रेषेत धरून खूण बांधली.

रात्री तीनदा उठून पाहिलं. दिवा माडासमोरच होता.

सकाळी नांगर वर ओढायला दोघे लागलो. फाळाला वीतभर काळा चिखल चिकटून आला होता.