टाऊन हॉल ते नवा राजवाडा

एका गावात दोन वस्तुसंग्रहालये असतील तर मधली वाट पायी चालावी, रिक्षा करू नये, असे माझे मत आहे. पहिल्या ठिकाणी पाहिलेले मनात मुरायला तेवढा वेळ लागतो. शिवाय दालनात गप्प बसलेली मुले रस्त्यावर आली की बोलू लागतात, आणि शिक्षकाला खरी परीक्षा द्यावी लागते ती तिथेच.

कोल्हापुरात हा योग छान जुळतो. सी.पी.आर. रुग्णालयाजवळचा टाऊन हॉल हे एक टोक आणि कसबा बावड्याच्या वाटेवरचा नवा राजवाडा हे दुसरे. मधे भाऊसिंगजी रोड. शाहू महाराजांचे स्नेही, भावनगरचे भावसिंहजी यांचे नाव या रस्त्याने आपल्या बोलीत घोळवून घेतले आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची नववीची मुले घेऊन मी ही वाट चाललो. पहाटे शहापुराहून निघालो, संकेश्वर, तवंदीचा घाट, निपाणी करत कोगनोळीपाशी दूधगंगा ओलांडली आणि कागलवरून कोल्हापुरात शिरलो. नदी ओलांडताना पाट्यांची लिपी बदलते. मुलांना त्याचे काही वाटत नाही. त्यांना दोन्ही पाट्या वाचता येतात.

या दोन्ही इमारतींचा रचनाकार एकच, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मेजर चार्ल्स मँट हा इंग्रज लष्करी अभियंता. टाऊन हॉल त्याने १८७२ ते १८७६ या काळात बांधला, तो उंच निमुळत्या कमानींचा, विलायतेतल्या चर्चची आठवण करून देणारा. नव्या राजवाड्याचे काम १८७७ साली सुरू झाले आणि १८८४ साली पुरे झाले. त्यात मात्र घुमट, छत्र्या, नक्षीदार खांब असा सगळा देशी थाट आहे. काम पुरे झालेले पाहायला मँट उरला नव्हता. तो १८८१ मध्येच वारला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. आर्नो नदीकाठी त्यांना अग्नी दिला गेला, आणि त्या जागी उभ्या असलेल्या छत्रीचा आराखडाही याच मँटचा. कोल्हापूरचा राजा इटलीच्या मातीत विसावला, हे मी मुलांना टाऊन हॉलच्या बागेतच सांगून ठेवले. कारण आत त्यांना उलट दिशेचा एक प्रवासी भेटणार होता.

तो प्रवासी म्हणजे पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. काशाची मूर्ती, वीतभरही उंच नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती सापडली. राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनी तिथे आधी खणून पाहिले होते. पुढे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सांकळिया गुजराती, दीक्षित मराठी, कुंदणगार कन्नडचे. आणि हाती आला तो ग्रीक देव! मूर्ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. त्या काळी पावसाळी वाऱ्यांवर गलबते लोटून इजिप्तच्या बंदरांतले व्यापारी आपल्या किनाऱ्याला लागत. सोपारा, चौल अशा बंदरांतून माल घाट चढून देशावर येई. मिरी, कापड, मौल्यवान खडे जात. मद्याचे कुंभ, काशाची भांडी येत. त्यातूनच हा देव सह्याद्री चढून आला असणार. ब्रह्मपुरीच्याच काशाच्या वस्तूंत एक हत्ती आहे, पाठीवर स्वार घेतलेला. मुले देवापेक्षा त्याच्याभोवतीच जास्त रेंगाळली.

कोल्हापूरच्या जुन्या नाण्यांवर विळिवायकुर नावाचा राजा भेटतो. नाण्यावरची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, आणि नावाचा तोंडवळा पुष्कळ अभ्यासकांना द्राविडी वाटतो. आजच्या भाषेच्या मोजपट्टीने हा राजा कुठल्या राज्यात घालायचा, सांगा पाहू!

खरा प्रसंग घडला तो शिलालेखापाशी. एका दगडापुढे आमच्या वर्गातली एक मुलगी थबकली. खासबागेकडची, आजोबा हातमागावर बसणारे. बोटाने हवेत अक्षरे गिरवत ती म्हणाली, "सर, हे कानडी हाय की! हे बघा, हा 'ग', आणि हा 'न'." अक्षरे जुन्या वळणाची, भाषा हळेगन्नड, अर्थ लागणे शक्य नव्हते. पण चार-सहा अक्षरे तिने ओळखली खरी. शेजारी एक कोल्हापूरचे वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी कौतुकाने विचारले, "काय लिहिलंय गं बाळ?" तिने सांगितले तेवढे सांगितले. "कुठली गं तू?" "बेळगाव, शहापूर." "म्हणजे कर्नाटकातली होय! मग येणारच तुला."

गृहस्थांच्या बोलण्यात वाकडे काही नव्हते. पण मुलीचा चेहरा उतरला. आपल्याकडच्या घरांत वाढलेल्यांना तो का उतरला हे सांगायला नको.

भाऊसिंगजी रोडला लागलो तेव्हा ती माझ्या बाजूने चालू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "सर, तिकडं आम्ही मराठीवाले. इथं आलं की कर्नाटकवाले. मग आम्ही कुठले?" मागची दोन-तीन मुलेही पुढे सरकली. एकाने आपला प्रश्न जोडला, "आणि सर, कोल्हापूर आधी कानडी होतं काय?"

पस्तीस पानांचे उत्तर देता येईल असे हे प्रश्न, आणि हातात एक मैलाची वाट. मी त्यांना सांगितले ते असे. कोल्हापूरवर शिलाहारांचे राज्य होते. पन्हाळगडाचे बांधकाम करवणारा दुसरा भोज त्यांच्यातलाच. त्यांचे लेख संस्कृतात आहेत आणि कन्नडातही आहेत. आणि तिकडे दूर कर्नाटकात, श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या फार जुन्या लेखांपैकी एक कोरलेला आहे. मराठी मुलखात कन्नड दगड आणि कन्नड मुलखात मराठी दगड. दान करणाऱ्याला जिथे जी भाषा वाचणारे लोक दिसले, ती भाषा त्याने दगडावर घातली. त्यावरून सातबारा कुणाच्या नावे करायचा, ही पुढच्या माणसांची काळजी; दगडाची नव्हे.

मग मी त्यांना माणसांची गोष्ट सांगितली. आपल्या चिकोडी भागातल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये याच कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात, पिढ्यान्‌पिढ्या मुलांना अर्धमागधी शिकवत राहिले. प्राकृत ग्रंथांच्या संपादनासाठी त्यांचे नाव जगभर झाले. आणि १९६७ साली श्रवणबेळगोळला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. उपाध्ये कुणाचे, हा प्रश्न त्यांच्या विद्यार्थ्यांना पडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे सांगताना माझा आवाज थोडा शाळेतल्यासारखा झाला असावा, कारण मुलगी म्हणाली, "ते खरं सर. पण अर्ज भरताना एकच लिहावं लागतंय की." या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची रचना भाषेवर झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतर आमच्या भागातल्या कित्येक माणसांचे आयुष्य याच एका वाक्यात गेले आहे. मी ते दुःख खोटे म्हणणार नाही आणि मुलांना विसरायलाही सांगणार नाही. एवढेच म्हणालो, "रायबाग पूर्वी कोल्हापूर संस्थानात होते. आपले शहापूर सांगली संस्थानात, आणि लागूनच असलेले बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. आपल्या पणज्या बाजाराला निघाल्या की राज्य बदलत होते. सरकारे बदलली, आजीचे लुगडे शहापुरीच राहिले." मुलगी हसली. लुगड्याचा विषय तिच्या घरचा होता.

नवा राजवाडा दिसला तो काळसर घडीव दगडाचा, मधल्या अष्टकोनी मनोऱ्यावर घड्याळ मिरवणारा. त्याच्या तळमजल्यावर १९७४ पासून श्रीमंत शहाजी छत्रपती म्युझियम आहे. तिथली हवाच वेगळी. तलवारी, बंदुका, पोशाख, अंबारी, पेंढा भरलेली जनावरे. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. मुले काचांपुढे खिळून राहिली, मग वाघापुढे.

इथे मला टाऊन हॉलशी असलेला भेद जाणवला. राजवाड्यातल्या वस्तूला मालकाचे नाव आहे: ही अमुक महाराजांची, हे तमुक महाराजांचे. टाऊन हॉलमधल्या वस्तूला मालकच नाही. तो पोसायडन कुणी विकत घेतला, कुठल्या कोनाड्यात ठेवला, कुणाच्या पोराने खेळायला मागितला, काही कळत नाही. उरले ते एवढेच की कुठे, किती खोलीवर, कशाशेजारी सापडला. तेही कुणीतरी त्या वेळी वहीत टिपून ठेवले म्हणून. टिपण नसते तर तो नुसता मोडीतला धातू होता. राजांच्या वस्तूंची यादी ठेवायला कारभारी असतात. आपल्यासारख्यांच्या वस्तूंची यादी आपणच ठेवायची असते.

परतताना गाडीत मी मुलांना हेच काम दिले. घरातली एक जुनी वस्तू शोधा. ती कुणाची, कशाची, कधी वापरात होती, हे घरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. शहापूर, खासबाग, वडगाव या पट्ट्यात एके काळी गल्लोगल्ली मागांची खडखड ऐकू येई. आज हातमाग शोधावा लागतो. तो विणकर, ते लुगडे, ती माणसे कुठल्या काचेच्या कपाटात बसणार आहेत?

आठवड्याभरात पंधरा-वीस वस्तू जमल्या. मोडी लिपीतली एक चोपडी, तांब्याचा अडिसरीचा मापटा, जात्याचा खुंटा. त्या मुलीने आजोबांचा धोटा आणला. चिठ्ठी लिहायला बसली तेव्हा मराठीत 'धोटा' लिहून ती थांबली. आजोबांच्या जोडीला बसणारे विणकर कन्नड बोलणारे. मागावर दोघेही त्याला 'लाळी' म्हणत, असे आजीने सांगितले होते. "सर, कुठला शब्द घालू?" तिने विचारले.

मी म्हणालो, "आजोबा काय म्हणत होते ते आधी लिही. दुसरा त्याच्याखाली."

शाळेच्या प्रयोगशाळेतले एक जुने कपाट रिकामे करून आम्ही त्या वस्तू मांडल्या आहेत. धोट्याखालच्या चिठ्ठीवर दोन लिपींत दोन शब्द आहेत आणि त्याखाली त्याच्या मालकाचे नाव.