गेलेल्या चाराण्यांसाठी

३० जून २०११ला चाराणे चलनातून गेले. वीस, दहा, पाच पैसेही त्यांच्याबरोबर गेले, पण ते व्यवहारातून आधीच उठले होते. चाराणे शेवटपर्यंत तग धरून होते. गोल, पोलादी, अंगावर गेंडा. मुंबईच्या टांकसाळीत पडलेले असतील तर सालाखाली हिऱ्याची बारीकशी खूण. वजन पुरतं ३ ग्रॅमही नाही. एवढ्याशा जिवाने सव्वा रुपयाचा मान राखला होता. देवापुढे, नवसाला, पानसुपारीवर. आज सव्वा रुपया तोंडाने म्हणता येतो, हातावर ठेवता येत नाही.

महागाई नाण्याला दोन्ही अंगांनी खाते. बाजारात त्याची पत उतरते आणि टांकसाळीत त्याच्या धातूचा भाव चढतो. धातू अंगावरच्या आकड्याहून महाग झाला, की नाणं हातातून निसटून मुशीत जातं. मग सरकार धातू बदलतं, वजन घटवतं. महायुद्धाने तांबं ओढून नेलं, तेव्हा १९४३ साली पैशाच्या पोटात भोक पडलं. तोळाभर वजनाच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. १९४० साली ती निम्म्यावर आली आणि १९४७ साली चांदी जाऊन निकेल आलं. पुढे तोच रुपया झिजत गेला: १९७५ साली ८ ग्रॅम, १९८३ साली ६, १९९२ साली ४.८५, २०११ साली ३.७९. एक पैसा तर अ‍ॅल्युमिनियमचा, पाऊण ग्रॅमचा. पाण्यावर अलगद ठेवला तर तरंगायचा. पोरांनी त्याचा खेळ केला. बाजाराने त्याला केव्हाच बुडवलं होतं.

आणि तरी धातू महाग म्हणून लहान नाणं नकोच, हा काही जुना न्याय नव्हे. आमच्या सोनईच्याच तालुक्यात, नेवाशाला, १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी प्रवराकाठी उत्खनन केलं. तिथल्या मातीने सातवाहनांची नाणी दिली. सातवाहन चांदीची नाणी पाडत, तशी शिशाचीही पाडत. धातू हलक्या किमतीचा घेतला, पण मूठभर धान्याचा सौदाही नाण्यात बसवला. ज्याची खरेदी लहान, त्याच्याही हातात राजाची मुद्रा होती.

सोनई परिसरात पैसा अजून मेलेला नाही, हेच खरं दुखणं आहे. पहाटे किटली घेऊन बाई दूध संकलन केंद्रावर उभी राहते. फॅट पॉइंटभर घसरलं की कपात होते, आणि त्या कपातीचा हिशोब अजून पैशात होतो. विजेचं युनिट, पेट्रोलचा लिटर यांच्या दरातही पैसे जिवंत आहेत. कापून घेताना पैसा न् पैसा मोजला जातो. हातावर टेकवताना मात्र ‘सुट्टे नाहीत’ म्हणून एखादी गोळी पुढे सरकते. ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्यासाठी पैसा कागदावर जगला. ज्याला द्यायचं त्याच्यासाठी तो मेला.

मुंबई टांकसाळीने माहिती अधिकारात २०१८ साली दिलेल्या आकड्यांनुसार रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. तोट्याचा हा हिशोब खोटा नाही. पण नाणं एकदाच खर्चून पडतं आणि वर्षानुवर्षं हजारो हातांतून फिरतं. त्या प्रत्येक हाताला त्याने पुरता मोबदला दिलेला असतो. हे त्याचं काम कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

चाराणे परत येणार नाहीत. आठाणे मात्र अजून कायदेशीर चलन आहेत, दहा रुपयांपर्यंतचं देणं त्यात भागवता येतं. कुणी पुढे केले तर नाकारू नका. घ्या, आणि मोजून परत द्या.