सकाळी सहाचं पाणी

आज माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या नगरपरिषदेच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं. पाणी सोडायच्या वेळा विभागाकडून एक्सएमएल फाइलमध्ये यायच्या: प्रभाग, वार, वेळ. त्या फाइलचं वेबपान करायला एक्सएसएलटी वापरायचो. १९९९ पासूनचं तंत्र. साचा एकदा लिहायचा, त्यात जागा सोडायच्या, माहिती आपोआप त्या जागी बसते. छापील अर्जात नाव-गाव भरतात तसंच.

गोम अशी, की फाइलमध्ये वेळच नसली तरी एक्सएसएलटी बोंब मारत नाही. गुपचूप रिकामी जागा सोडून पुढे जातं. तक्त्यातले रिकामे चौकोन बरे दिसेनात, म्हणून चाचणीपुरता मी साच्यातच नमुन्याचा मजकूर टाकला: वेळ नसेल तर "सकाळी ६ ते ७" दाखव. नंतर काढू म्हटलं. राहून गेलं.

एका आठवड्यात आमच्याच प्रभागाची वेळ विभागाने भरली नाही. पानावर मात्र ठळक "सकाळी ६ ते ७". शेजारच्या काकू तीन दिवस पहाटे उठून हंडे-बादल्या मांडून बसल्या. पाणी यायचं दुपारी, त्या कामावर गेल्यावर. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "अरे, साइटवर लिहिलंय म्हणून बसले ना मी!"

काय उत्तर देणार?

तिथे "लोरेम इप्सम" राहिलं असतं तर निदान कळलं असतं की पान अर्धवट आहे. खरा वाटणारा नमुना जास्त घातक.

त्याच रात्री साचा बदलला. वेळ नसेल तर "विभागाकडून वेळ आलेली नाही" आणि खाली कार्यालयाचा फोन नंबर. प्रभागाचं नावच नसेल, तर 'एक्सएसएल मेसेज'ला 'टर्मिनेट' लावून पान तयार होणंच थांबवलं. दहा मिनिटांचं काम होतं.

सरकारी कागदावर आपण "निरंक" लिहितो. त्याचा अर्थ मोजलं आणि शून्य निघालं. "माहिती आली नाही" ही वेगळी गोष्ट. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी बरीच माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. ती पानं वाचताना हा फरक बघत जा. तारीख, रक्कम, अधिकाऱ्याचं नाव सगळीकडे एकच दिसलं, तर विचारा: ही माहिती आहे की साच्यातला नमुना?

काकू अजूनही आधी फोन करतात, मगच बादली मांडतात.