काकूंचं देणं
आबांना स्मृतिभ्रंश झालाय, हे घरादारानं धरूनच टाकलं होतं. पंचाहत्तरीला आलेला माणूस. विहिरीवरची मोटर बंद करायची राहून जायची, आंघोळीला उठवावं लागायचं, जेवलात का विचारलं तर नुसतं बघत राहायचे. एका दवाखान्यात ‘वयोमानानं होतं असं’ म्हणून बोळवण झाली. गावानं म्हातारचळ ठरवलं. सैलानीला न्या, असंही सुचवून झालं. आमच्या जिल्ह्यात डोक्याचं काहीही बिघडलं की पिंपळगाव सराईचा तो दर्गा आधी आठवतो, डॉक्टर मागाहून.

शेवटी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. शेजारच्या काकू स्वतःच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला म्हणून सोबत आल्या होत्या. “हे कधीपासून?” डॉक्टरांनी विचारलं. मी शब्द जुळवतोय तोवर काकू बोलल्या, “पोयापासून. बैलजोडी इकली ना यंदा. खांदमळणीच्या सांजेला हयदीची वाटी घेऊन रिकाम्या गोठ्यात बसले होते. तवापासून हे असे.”

डॉक्टर आबांकडे वळले. आज वार कोणता? “मले नाही ठाऊक.” महिना? “नाही ठाऊक.” आठवायच्या आधीच उत्तर तयार. “माह्यं डोकं गेलं साहेब, काहीच सुधरत नाही,” असं म्हणून आबांनी काय काय विसरलो याची यादी सांगितली. बिनचूक, क्रमवार!

डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितलं. डिमेन्शियाचा माणूस बहुधा विसरणं झाकतो, अंदाजानं काहीतरी ठोकून देतो. आणि दुखणं कधी लागलं ते घरच्यांना नेमकं सांगता येत नाही. नैराश्यात माणूस प्रयत्नच सोडतो. लक्षच लागत नाही, म्हणून मनात नोंद होत नाही. मग आठवणार काय? लेस्ली किलोह यांनी १९६१ मध्ये ‘स्यूडोडिमेन्शिया’वर, म्हणजे डिमेन्शियासारख्या नुसत्या दिसणाऱ्या दुखण्यावर, लिहिलं आणि १९७९ मध्ये चार्ल्स वेल्स यांनी ओळखायच्या खुणा मांडल्या, हे मी पुढे वाचलं. त्यातली एक मोठी खूण काकूंनी न वाचताच सांगितली होती.

थायरॉइड, बी-१२ तपासून झालं. नैराश्याच्या गोळ्या कमी मात्रेनं सुरू झाल्या. कित्येक आठवडे काही फरक दिसेना. आई तर गोळ्या बंद करायला निघाली होती. मग एका सकाळी आबांनी विचारलं, “चिखलीला सोयाबीन काय भावानं गेलं?” भाव ऐकून अडत्याला शिवी हासडली, तेव्हा आई देवापुढे साखर ठेवायला धावली.

उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी खऱ्या डिमेन्शियाची नांदीही असतं, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून अधूनमधून तपासणीला जावं लागतं. आबा कुरकुरत येतात.

काकूंना लुगडं नेलं तर त्यांनी परत केलं. “मी काय केलं बाप्पा? इचारलं, सांगितलं.”