रणातलं मीठ आणि आम्ही क्वार्टरवाले

खाराघोडा एकेकाळी मुंबई इलाख्यात होतं, हे आता नातवंडांना पटवावं लागतं. कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरचं गाव, विरमगामहून निघालेल्या रेल्वेच्या फाट्याचं शेवटचं टोक. 1872 च्या सुमारास इंग्रजांनी इथे सरकारी मिठाचा कारखाना काढला. मीठ खात्यातल्या प्रिचर्डसाहेबाचं नाव त्याला लागलं आणि त्या खात्याच्या नोकरीपायी काही मराठी बिऱ्हाडं तिथे जाऊन पडली. त्या बिऱ्हाडांतली आम्ही शेवटची मुलं. 1 मे 1960 ला मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा आम्ही बसल्या जागी परराज्यातले झालो. बदल्या, बांधाबांध हे सगळं त्यानंतरचं.

पेण-उरणकडच्या आज्यांना तिथलं मीठ शेवटपर्यंत मंजूर नव्हतं. मिठागर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे खाडी, बांध, उघाडी आणि उधाणाचं पाणी यायचं. इथे समुद्राचा पत्ता नाही. दारातून पाहावं तर भेगाळलेली भुई आभाळाला टेकलेली. ‘भरती नाही, ओहोटी नाही, नि मीठ कसलं पिकवता?’ असं एक आजी जावयालाच विचारायची, आणि जावई खात्याचा माणूस असूनही त्याला दोन वाक्यांत सांगता यायचं नाही.

सांगायला ते तसं सोपं नाहीच. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं. नवरात्राच्या पुढेमागे ते ओसरलं की अगरिया, म्हणजे तिथला मीठ पिकवणारा, बिऱ्हाड गाड्यात घालून आत शिरतो आणि विहीर खणतो. तिचं पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारं. मग सगळ्या घरानं उतरून पायांनी चिखल तुडवायचा, तळ दगडासारखा घट्ट होईपर्यंत. तळ कच्चा राहिला तर पाणी जिरतं आणि हंगाम बुडतो. विहिरीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं आणि त्याचा खारेपणा पंचवीस डिग्रीच्या आसपास आला की शेवटच्या वाफ्यात सोडायचं. त्याला तिथे पाटा म्हणतात. ही डिग्री मोजायला काचेची नळी असते, पण जुना अगरिया बोट बुडवून जिभेला लावायचा आणि आकडा सांगायचा. आमच्या वडिलांनी नळी लावून पडताळा घेतल्याचं आम्ही काहींनी पाहिलंय. फरक अर्ध्या डिग्रीचा.

त्यापुढचे महिने लाकडी दाताळ्यानं पाटा ओढत राहायचा, म्हणजे खडा मोठा आणि चौकोनी धरतो. हेच वडागरं मीठ. घरी ते पत्र्याच्या डब्यात असायचं आणि आया ते खलबत्त्यात कुटायच्या. दुपारच्या वेळी क्वार्टरांच्या ओळीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांतून तो आवाज यायचा. लिंबाचं लोणचं मात्र अख्ख्या खड्यांवरच घालायचं, असा एका घरचा दंडक होता आणि त्यावरून दुसऱ्या घराशी वर्षानुवर्षं मतभेद होते. बिजागऱ्या गंजायच्या, भिंतींचे पापुद्रे सुटायचे, गोडं पाणी मोजून वापरायचं. स्टेशनाजवळ मिठाच्या गंजी लागायच्या. त्यावर चढायला बंदी होती, म्हणून आम्ही चढायचो.

मोठ्या माणसांच्या तोंडी मिठावरच्या कराचा विषय कमी असे. सरकारी नोकरीत होते, हे कारण असावं. 1930 साली मिठाचा कर मणामागे सव्वा रुपया होता आणि मीठ तयार व्हायला लागत ते काही आणे. त्या मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला, वडाळ्याच्या मिठागरावर माणसं चालून गेली, आणि इकडे विरमगाम स्टेशनात बेकायदा मिठावरून स्वयंसेवक पकडले जात होते. आमच्यातल्या एका घरचा एक भाऊ शिरोड्याला मीठ उचलून तुरुंगात गेला. दुसरा खाराघोड्याला त्याच मिठाच्या पावत्या फाडत होता. दोघे पुढे गणपतीला एका पंगतीत बसत. काय बोलत असतील ते असोत. 1 एप्रिल 1947 ला कर गेला, 1958 मध्ये केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली आणि कारखाना तिच्याकडे गेला. क्वार्टरांचा रंग तेवढा बदलला.

मुंबईच्या गिरण्यांचंही रणाशी एक नातं होतं. मीठ काढल्यावर उरतं ते कडू पाणी. त्यातून मॅग्नेशियम क्लोराइड मिळतं. सुताच्या खळीत ते घालत, म्हणजे धागा ओलसर राहतो, तुटत नाही. हा माल पूर्वी जर्मनीहून यायचा. पहिल्या महायुद्धात तो थांबला आणि खाराघोड्याला त्याचा धंदा उभा राहिला. परळच्या मावशीकडे सुटीत गेलं की तिचे यजमान आम्हाला ‘खळवाले आले’ म्हणायचे.

आता आमच्या पिढीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर क्वार्टरांचे, गणपतीचे, रेल्वेच्या डब्यांचे फोटो येतात आणि अंगठे वर होतात. वर्गाचा एक फोटो आहे, हंगामातला, त्यात मागचे बाक रिकामे दिसतात. त्यावर बसणारी अगरियांची पोरं दिवाळीनंतर रणात असायची आणि पहिल्या पावसाला परत यायची. तोवर अपूर्णांक होऊन गेलेले असायचे. त्यांच्यापैकी एकही जण या ग्रुपात नाही. त्या वेळी आम्हाला हे नेहमीचं वाटायचं; ऋतूच तसा, असं. माझ्या मते आमचं स्मरणरंजन चालतं ते आम्ही तिथून निघू शकलो म्हणून. मेलेल्या अगरियाचे पाय चितेत जळत नाहीत, वेगळे पुरावे लागतात, असं तिथे सांगतात. आम्ही ते लहानपणी भुताच्या गोष्टीसारखं ऐकायचो.

त्यांची नातवंडं अजून रणात जातात. कोसाच्या, म्हणजे मोटेच्या, जागी डिझेलचं इंजिन आलं आणि आता सौर पंप दिसतात, म्हणजे तेलाच्या उधारीतून थोडी सुटका. नर्मदेच्या कालव्याचं पाणी कधीकधी रणात सुटतं आणि तयार पाटा विरघळून जातो. 1973 पासून तिथे घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं, अभयारण्य आहे, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या मीठ पिकवणाऱ्यांना आपला हक्क आधी शाबीत करावा लागतो. कागदावर तो दाखवायचा कुठून? रणाची मोजणीच झालेली नाही. सरकारदप्तरी त्या सगळ्या जमिनीचा सर्व्हे नंबर शून्य आहे.