न निघालेली कॅसेट

२००२ मध्ये पुण्याहून दिल्लीला आलो, तेव्हा धाकट्या भावाची एकच मागणी होती : परिक्रमाची कॅसेट धाड. तीन रविवार पालिका बाजारात हिंडलो. शेवटी एक दुकानदार हसला. 'भाई साहब, उनकी कैसेट निकली ही नहीं.'

१९९१ पासून वाजवणारा, कॉलेजांचे महोत्सव गाजवणारा दिल्लीचा बँड, आणि अल्बम नाही! कंपन्यांच्या दारात जायचं नाही, गाणी इंटरनेटवर फुकट ठेवायची, पोट कार्यक्रमांवर भरायचं, असा त्यांचा खाक्या. काश्मीरमधल्या अपहरणांवरचं 'बट इट रेन्ड' हॉस्टेलातल्या एका कॉम्प्युटरवर होतं. ते आणि आणखी दोन गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून मी पाठवली.

भावाने बी.कॉम. सोडून गिटार धरली. बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

मार्च २००७. बंगळुरात आयर्न मेडनच्या आधी परिक्रमा वाजवत होते. भावाने गर्दीतून फोन लावला. बाबा तेव्हा नोएडाला माझ्याकडे आलेले. मी मोबाईल त्यांच्या कानाला लावला. 'जनरेटर चालू आहे का रे तिथे?' एवढंच म्हणाले.

भाऊ आता विमा विकतो. २०२० च्या फेब्रुवारीत परिक्रमाचा गिटारवादक सोनम शेर्पा गेला, त्या रात्री त्याचा फोन आला. 'दादा, ती कॅसेट कुठे असेल रे?'

आईला विचारलं. बाबांच्या मागे कपाट आवरताना तिला सापडली होती. माझं अक्षर पुसट झालेलं. त्यावर बाबांनी निळ्या शाईने पुन्हा लिहिलेलं, 'परिक्रमा, दिल्ली'.